ओरेलकाकांचं दोन वेळांचं घड्याळ

जिनिव्हा, ३ फेब्रुवारी १९७५

प्रिय एल्वीर,

इतक्या वर्षांनी काकाचं अक्षर पाहून दचकली असशील. तुझ्या वडिलांच्या, न्यूमाच्या अंत्यविधीला मला येता आलं नाही. तेव्हा मी काराकासला होतो आणि निरोपच उशिरा मिळाला. त्यानंतर लिहायचं राहत गेलं. चुलतभाऊ असलो तरी माणसं अशी लांब जातात.

सोबतच्या डबीत माझं घड्याळ आहे. लहानपणी तू ते पाहिलं असशील. तासाचे दोन काटे, एक सोनेरी आणि एक निळा. सोनेरी काटा आपल्या खोऱ्यातली वेळ दाखवतो, निळा मी जिथे असेन तिथली. चावी अर्धी ओढून फिरवली की निळा काटा एकेक तास पुढे-मागे उडी मारतो आणि मिनिटकाट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बावीस वर्षं ते माझ्या मनगटावर आहे. न्यूयॉर्क, काराकास, सिंगापूर, कुठेही जाग आली की मी आधी सोनेरी काटा बघायचो. आता आई गोठ्यात गेली असेल, आता तिने कॉफी ठेवली असेल, असं म्हणायचो आणि मग दिवसाला लागायचो. आई गेल्यावरही ती सवय सुटली नाही. धंद्यामुळे हाताखालून हजारो घड्याळं गेली, त्यातली काही याच्या दसपट किमतीची होती. पण दुसरं कुठलंही मनगटावर चढवलं की हात परका वाटतो.

दोन महिन्यांपासून निळा काटा कामचुकारपणा करतोय. उडी मारतो, पण तासावर नीट बसत नाही. आमच्या कारखान्यातला म्हातारा लुसियां वीस वर्षं ते साफ करायचा, तो नाताळात गेला. मी त्याला आजारपणात भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "साहेब, हे कारखान्यात कुणाला उघडू देऊ नका. न्यूमाच्या मुलीकडे पाठवा." का, ते विचारायचं राहिलं. पण केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग बसवण्यात तुझ्या हाताला खोऱ्यात तोड नाही, असं मीही ऐकतो.

२४ मेच्या आत हवं. आपल्या घड्याळशाळेच्या नव्या दालनाला माझं नाव देणार आहेत. मी स्वतःच्या हाताने घडवलेलं पहिलं घड्याळ म्हणून हे तिथे काचेच्या कपाटात राहील. मजुरी तू सांगशील ती.

तुझा,
ओरेलकाका


ल सोलिया, २१ फेब्रुवारी १९७५

ओरेलकाका यांस,

घड्याळ पोचलं. टपालवाल्याने माझ्याकडून तीन ठिकाणी सह्या घेतल्या आणि म्हणाला, एल्वीर, तुझ्या दारात इतकं महागाचं काही पहिल्यांदाच येतंय. मी त्याला सांगितलं नाही की ते याच दारातून बाहेर गेलं होतं.

खिडकीजवळच्या बाबांच्या त्याच टेबलावर मी ते उघडलं. त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात मी चौदा वर्षांची होते. सरोवर गोठलं होतं, गावातली सगळी पोरं बर्फावर घसरत होती आणि मी बाबांच्या शेजारी बसून चाकं पुसत होते. तुम्ही पहिल्यांदाच विक्रीच्या कामाला समुद्रापार निघाला होता. बाबा म्हणाले, "ओरेलला तिकडे आईची आठवण येईल. त्याला इथली वेळ दिसायला हवी." चार महिने खपून त्यांनी ते घडवलं आणि स्टेशनवर तुमच्या हातात बांधलं. तुम्ही रडला होता. आठवतंय ना? मला आठवतंय.

पुढच्या वर्षी तुम्ही ते कारखान्याच्या मालकांना स्वतःचं म्हणून दाखवलंत. बाबा जिनिव्हाला विचारायला आले, तर तुम्ही मालकांना लिहून दिलंत की न्यूमाने हे फक्त साफ केलं आणि साफ करता करता तुमची रेखाटनं चोरली. तुम्ही शाळेत दोन वर्षं बसून पळालेले, आणि चोर कोण, तर न्यूमा रोशा. तुमच्या त्या कागदानंतर खोऱ्यातल्या एकाही कारखान्याने बाबांना दारात उभं केलं नाही. मरेपर्यंत त्यांनी जंगलात झाडांच्या साली सोलल्या, चीजभोवती गुंडाळायच्या पट्ट्यांसाठी. शेवटी बोटं अशी झाली होती की सूप पिताना चमचा वाजायचा. चिमटा तर लांबच राहिला.

मजुरी नको. २४ मेला भाषणात दोन वाक्यं म्हणा. हे घड्याळ माझा चुलतभाऊ न्यूमा रोशा याने घडवलं. त्याच्यावर मी केलेला चोरीचा आळ खोटा होता. एवढं म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही.

म्हटलंत किंवा नाही म्हटलंत, तरी घड्याळ तुम्हाला वेळेवर मिळेल. मी ते अडवून धरणार नाही. ते तुमचं आहे, बाबांनी तुम्हाला दिलं होतं.

एल्वीर रोशा


जिनिव्हा, ३ मार्च १९७५

एल्वीर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि फायरप्लेसमध्ये टाकलं.

पोरवयातल्या आठवणींवर माणसाने इतकं विसंबू नये. न्यूमाचा हात चांगला होता, ते मी कधी नाकारलं नाही. त्याने जोडायला मदत केली असेल. पण कल्पना माझी होती. परदेशी जायचं होतं मला, दोन वेळा लागणार होत्या मला. साली सोलणाऱ्याला दोन वेळांची काय गरज? तेव्हा तो अजून साली सोलत नव्हता, हे तू म्हणशील. असो.

बाप गेला की मुली त्याला मोठा करतात. मला ते समजतं, आणि म्हणून मी रागावलेलो नाही. तू एकटी आहेस, डोळे काय जन्मभर असेच राहणार नाहीत. कारखान्यात मुलींना शिकवायची जागा आहे, मी शब्द टाकू शकतो. तसं कळव. नाहीतर घड्याळ नीट करून परत पाठव आणि हा विषय इथे संपव. माझे वकील या गोष्टीत पडावेत असं मला वाटत नाही.

ओरेल रोशा


ल सोलिया, २७ मार्च १९७५

ओरेलकाका यांस,

घड्याळ सोबत आहे. निळ्या काट्याच्या चाकात वंगण सुकून खडे झाले होते. काढलं, पुसलं, नवं घातलं. आठ दिवस सहाही बाजूंवर ठेवून पाहिलं. दिवसाला दोन सेकंदांवर फरक नाही. निळा काटा आता पहिल्यासारखा टुणकन बसतो. खरं सांगते, परत पाठवायच्या आधी एक दिवस मी ते हातात बांधून गावात फिरले. सोनेरी काटा बघत दुधाच्या दुकानात गेले, चर्चला गेले. इतकं सुंदर काही बाबांच्या हातून झालं आणि ते मला रोज बघायला मिळालं नाही, याचा फार राग आला. पुसून, कापडात गुंडाळून पाठवतेय.

नोकरीबद्दल आभार. नको.

आणखी एक. शाळेचे जुने मास्तर अमी काप्त यांना भेटले. तुमचा सत्कार म्हणून त्यांना भलताच आनंद झालाय. बोलता बोलता मी त्यांना जुन्या रीतीची आठवण करून दिली. शाळेत ज्याचा सन्मान व्हायचा, तो सगळ्यांदेखत बाकावर बसून स्वतः घडवलेलं घड्याळ शेवटच्या चाकापर्यंत उघडायचा आणि परत चालू करून दाखवायचा. महायुद्धानंतर ते मागे पडलं. काप्त म्हणाले, ओरेलसारखा दुसरा कोण मिळणार, यंदा पुन्हा सुरू करू. मुख्याध्यापकांच्या कानावर त्यांनी घातलंच असेल.

तुमचं कौतुक व्हावं म्हणूनच गेले होते, दुसरा काही हेतू नव्हता असं म्हणणार नाही.

एल्वीर


जिनिव्हा, २२ एप्रिल १९७५

एल्वीर,

घड्याळ उत्तम चालतंय. हात तुझ्या बापाचाच आहे, हे मान्य करायला हवं.

त्या बाकाच्या भानगडीबद्दल तुझे आभार मानू की कान उपटू, कळत नाही. मुख्याध्यापकांनी मला न विचारता निमंत्रणपत्रिका छापल्या. खोऱ्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली. आता नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील, ते तुला ठाऊक आहे, आणि तू ते जाणूनच केलंस. हरकत नाही. मी घाबरणारा माणूस नाही. महिनाभर रोज सकाळी बसतोय. कारखान्यातली दोन वेळांची तीन घड्याळं पूर्ण उघडली आणि जोडली. हात अजून ऐकतात, स्वतःलाच नवल वाटलं. बायको हसते, म्हणते शाळकरी पोरासारखा जीभ बाहेर काढून बसलेला असतोस.

फक्त माझं घड्याळ मी अजून उघडलेलं नाही. उगाच दोनदा उघडणं बरं नव्हे. तू ते नुकतंच आतून पाहिलं आहेस. कारखान्याच्या घड्याळांहून त्यात काही वेगळं आहे का? इतक्या वर्षांनी बारीकसारीक गोष्टी डोक्यातून जातात. चार ओळीत कळव. आपण एका रक्ताचे आहोत.

ओरेलकाका


ल सोलिया, २९ एप्रिल १९७५

ओरेलकाका यांस,

आहे. एक गोष्ट वेगळी आहे.

ज्याने ते घडवलं, त्याला ती सांगावी लागत नाही. ज्याने नाही घडवलं, त्याला ती आपोआप कळणं शक्य नाही. लुसियांला कळली होती, कारण तो खरा कारागीर होता आणि हाताला अडलं की थांबत होता. म्हणूनच त्याने तुम्हाला माझ्याकडे पाठवलं.

कारखान्यातल्या कुणाकडून उघडून बघायचा विचार मनात आला असेल. पण तो माणूस आत पाहील, हे साहेबांच्या हातचं काम नाही हे ओळखेल आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगेल. तुम्ही ते करणार नाही.

मी तुम्हाला फसवत नाहीये, काका. एका कागदावर लिहून पाठवा की घड्याळ न्यूमाने घडवलं. सही करा. ती गोष्ट काय आहे ते मी उलट टपाली कळवते, चित्र काढून कळवते. तुम्ही बाकावर बसा, टाळ्या घ्या. तो कागद मी चोवीस तारीख उलटेपर्यंत कुणाला दाखवणार नाही. नंतर मात्र दाखवीन.

टपालाला दोन दिवस लागतात. वेळ भरपूर आहे.

एल्वीर


जिनिव्हा, ७ मे १९७५

श्रीमती एल्वीर रोशा यांस,

तुमचं पत्र म्हणजे सरळ सरळ खंडणी आहे. मी ते जपून ठेवलं आहे. जुनी रेखाटनं कपाटातून काढून पाहिली, त्यात वेगळं काहीही नाही. तुम्ही मला घाबरवण्यासाठी थाप मारत आहात. यापुढे पत्र पाठवू नये.

ओ. रोशा


जिनिव्हा, २८ मे १९७५

एल्वीर,

तू मागच्या रांगेत उभी होतीस, काळा कोट घालून. मी आत येतानाच पाहिलं. म्हणजे जे झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण मला कुणाला तरी सांगायचं आहे आणि घरात कुणी माझ्याशी त्या विषयावर बोलत नाही.

पहिली वीस मिनिटं छान गेली. झाकण निघालं, बॅलन्सचं चाक निघालं, काटे निघाले, डायल निघाली. काप्त मास्तर शेजारी भिंग लावून बसले होते आणि मान हलवत होते. लोक कौतुकाने बघत होते. मला तर वाटायला लागलं होतं की हे मीच घडवलंय. खरंच वाटलं, एल्वीर. बावीस वर्षं एखादी गोष्ट मनगटावर असली की वाटतं.

मग निळ्या काट्याच्या चाकावरचा तो स्क्रू. फिरवला, निघेना. जरा जोर दिला. काप्त हळूच म्हणाले, "थांब ओरेल." मी थांबलो नाही. लोक बघत असताना कसा थांबणार? आणखी जोर दिला आणि त्याचं डोकं तुटून पेचकसाबरोबर हातात आलं. पेचकस घसरून खालच्या धातूच्या पट्टीवर ओरखडा गेला.

काप्तनी भिंग काढलं. ते काही ओरडले नाहीत, पण म्हाताऱ्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असणार. म्हणाले, "उलट्या आट्यांचा आहे. हा तू केला नाहीस." मग विचारलं, "कुणी केला?"

मुख्याध्यापकांनी घाईघाईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. दालनाच्या दारावरची पाटी कापडाने झाकलेलीच ठेवली आहे, असं कळतं.

तू मला सांगू शकली असतीस. एक स्क्रू, एवढंच. आणि तुझ्या बापाचं घड्याळ वाचलं असतं. घरी कसंबसं परत जोडलं, तर आता निळा काटा सोनेरी काट्याच्या खाली अडकून बसला आहे, हलत नाही. हे तू तुझ्या बापाच्या कामाचं केलंस. त्याचा सूड घेताना त्याचंच मोडलंस. झालं समाधान?

ओरेल


ल सोलिया, ५ जून १९७५

ओरेलकाका यांस,

समाधान झालं का विचारलंत. बरंचसं झालं.

स्क्रू मोडला तेव्हा मला वाईट वाटलं, हे खरं आहे. तो स्क्रू होताना मी पाहिला होता. मग मी तुमचा चेहरा पाहिला आणि मला वाईट वाटायचं थांबलं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

आता ती गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मोडलं काय ते. निळ्या काट्याचं चाक उलटं फिरतं. सरळ आट्यांचा स्क्रू त्याच्याबरोबर फिरून सैल होत जातो, म्हणून तिथे उलटे आटे. तुमच्या कारखान्याने स्वस्त पडते म्हणून त्या जागी खिट्टी घातली, त्यामुळे तुम्हाला तीन काय तीनशे घड्याळं उघडूनही कळलं नसतं. अशा स्क्रूच्या डोक्यावर आपल्या खोऱ्यात दोन जादा रेघा कोरतात. पहिल्या वर्षाचं पोरही कोरतं, पुढे उघडणाऱ्याचा घात होऊ नये म्हणून. बाबांनी कोरल्या नाहीत. मी तेव्हाच विचारलं होतं, बाबा, रेघा राहिल्या. ते हसले आणि म्हणाले, "हे ओरेलचं घड्याळ आहे. ते माझ्याशिवाय दुसरं कोण उघडणार?"

त्यांना वाटत होतं तुम्ही दर दोन वर्षांनी या टेबलापाशी याल, ते घड्याळ उघडतील आणि तुम्ही शेजारी बसून लांबच्या देशांच्या गोष्टी सांगाल. त्या भरवशावर त्यांनी रेघा कोरल्या नाहीत. तुम्ही तो भरवसा मोडलात चोपन्न साली. स्क्रू तर परवा मोडला.

मोडलेला तुकडा काढून नवा स्क्रू करणं खोऱ्यात माझ्याखेरीज दोघांना जमेल. दोघांनाही मी भेटले. दोघेही तुमच्या डबीला हात लावणार नाहीत. काप्तही नाहीत.

मी करीन. पण आता दोन वाक्यांवर भागणार नाही. खोऱ्याच्या वर्तमानपत्रात, पहिल्या पानावर, तुमच्या सहीने सगळं यायला हवं. घड्याळ कुणी घडवलं, कुणासाठी घडवलं, मालकांना काय लिहून दिलं होतं आणि ते खोटं होतं. साली सोलल्या तेही यायला हवं. शाळेला पत्र, दालनाला न्यूमा रोशा हे नाव द्या म्हणून. ते छापून आल्यावर डबी पाठवा.

नाहीतर निळा काटा आहे तिथे राहू दे.

एल्वीर रोशा


जिनिव्हा, १८ ऑगस्ट १९७५

प्रिय एल्वीर,

कात्रण सोबत आहे. तू पाहिलंच असशील, पण माझ्या हातून तुला मिळावं असं वाटलं. एकही ओळ गाळलेली नाही. साली आहेत, चोरीचा आळ आहे, स्टेशन आहे. शाळेने नाव बदलायचं ठरवलं, सप्टेंबरमध्ये पाटी लागेल. कंपनीने मला मानद पदावरून काढलं. बायको बहिणीकडे लोझानला गेली आहे, काही दिवसांसाठी म्हणाली होती, त्याला आता महिना झाला.

डबीही सोबत आहे. जवळजवळ तीन महिने हात मोकळा आहे. दिवसातून दहादा मनगट वर करून बघतो आणि तिथे नुसती पांढरी चामडी दिसते. तुला हसू येईल. येऊ दे.

लिहिता लिहिता एक गोष्ट घडली. स्टेशनवरचं लिहीत होतो तेव्हा न्यूमाचे हात आठवले. पट्टा बांधताना त्याची बोटं गार होती, कारण त्याने हातमोजे मला दिले होते. बावीस वर्षांत मी ते एकदाही आठवू दिलं नव्हतं. मी सही केली आणि टेबलावर डोकं ठेवून बसलो.

मी वाईट वागलो, एल्वीर. घड्याळ फार आवडलं होतं आणि ज्याला आपण इतका जीव लावतो ते दुसऱ्याने केलंय हे सोसवलं नाही, एवढंच मला स्वतःबद्दल सांगता येतं. तू सांगितलंस ते सगळं मी केलं. आता मला माफ कर. घड्याळ घ्यायला मी स्वतः येईन म्हणतो. न्यूमाच्या टेबलापाशी अर्धा तास बसेन, तू कॉफी दे, मग जाईन.

तुझा,
ओरेलकाका


ल सोलिया, ९ सप्टेंबर १९७५

ओरेलकाका यांस,

पाटी काल लागली. न्यूमा रोशा, घड्याळकार. अमी काप्त यांनी कापड ओढलं. गावातली माणसं आली होती, त्यांतली बरीच अशी की चोरीच्या आळानंतर बाबा जगले त्या तेरा वर्षांत ते समोरून आले की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला.

घड्याळ नीट झालं आहे. मोडका तुकडा काढायला चार दिवस लागले. नवा स्क्रू मीच केला. पट्टीवरचा ओरखडा घासून काढता आला असता, पण पट्टी पातळ झाली असती, म्हणून राहू दिला. निळा काटा तासावर बसतो. डबी टपालाने पाठवतेय, विमा उतरवला आहे. मजुरी नाही.

तुम्ही येऊ नका. माझ्याकडे तुमच्यासाठी कॉफी नाही आणि त्या टेबलापाशी दुसरी खुर्चीही ठेवत नाही. घड्याळ तुमचं आहे. बाबांनी दिलं होतं, आणि तुम्ही ते मनापासून वापरलंत हे मी आतून पाहिलंय. हातात बांधा, वर्षानुवर्षं चालेल.

माफीचं विचारलंत. तुम्ही कागद लिहाल, सही कराल, पाटी लागेल, एवढंच आपल्यात ठरलं होतं, आणि तुम्ही ते पाळलंत. माफी ज्यांच्याकडे मागायची ते तेरा वर्षं या घरात वाट बघत होते. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की ते बूट घालून दारात उभे राहायचे, कारण ओरेल आला तर याच गाडीने येईल असं त्यांना वाटायचं. शेवटच्या आठवड्यात उठता येत नव्हतं, तेव्हा मला दारात उभं करायचे. मी उभी राहायचे आणि आत येऊन सांगायचे, आज नाही आले.

त्यांनी तुम्हाला माफ केलं असतं, पहिल्याच दिवशी केलं असतं. मी करत नाही.

एल्वीर रोशा